पायाच्या मापाचा जोडा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण बँकेच्या खातेदाराला नव्याने सांगावी लागत नाही. जोड्याच्या बाबतीत मात्र न्याय उलटा आहे. तेथे पाय पाहून जोडा घ्यावयाचा असतो. दिल्लीच्या करोलबागेतील एखाद्या दुकानात सायंकाळी घटकाभर उभे राहिले, तर ग्राहकाला विचारला जाणारा पहिला प्रश्न ऐकू येतो, ‘नंबर?’ ग्राहक सात, आठ किंवा नऊ म्हणतो, खोके उघडले जाते, चार पावले चालून पाहिली जातात आणि व्यवहार आटोपतो. पायाची रुंदी कोणी विचारत नाही, कारण त्या नंबरात रुंदीला जागाच नाही. आपल्याकडे रूढ झालेला इंग्रजी नंबर केवळ लांबी सांगतो. एका नंबरापासून पुढचा नंबर इंचाच्या एक तृतीयांशाने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढतो, इतकेच.

पाऊल ही खोक्यात भरावयाची वस्तू नव्हे. २६ हाडे, ३३ सांधे आणि त्यांना बांधून ठेवणारे शंभराहून अधिक स्नायू, कंडरा व अस्थिबंध असा त्याचा पसारा आहे. टाच भूमीला टेकते त्या क्षणी पावलाने मऊ व्हावे, खाचखळग्यांशी जुळवून घ्यावे, अशी अपेक्षा असते. आणि अर्ध्याहून कमी सेकंदात त्याच पावलाने तरफेसारखे ताठ होऊन सारे शरीर पुढे ढकलावयाचे असते. हे कसे साधते याचा एक उलगडा हिक्स या ब्रिटिश संशोधकाने १९५४ मध्ये केला. टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. टाच उचलून बोटे वाकली की हा पट्टा, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा, बोटांच्या मुळांभोवती ओढला जातो आणि पावलाची कमान उंच व घट्ट होते.

दुसरा उलगडा बँकेत रोज दिसतो. कोरी नोट एका टोकाला धरली तर दुसरे टोक खाली लवते. तीच नोट लांबीच्या दिशेने पन्हळीसारखी किंचित वळवली की ताठ राहते. पावलाला जशी लांबीची कमान आहे, तशी चवड्याच्या मागे आडवी कमानही आहे. येल विद्यापीठातील मधुसूदन वेंकडेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की पावलाच्या ताठपणातील ४० टक्क्यांहून अधिक वाटा या आडव्या कमानीचा असतो. लांबीच्या कमानीचे कौतुक शाळेच्या पुस्तकातही असते. रुंदीकडे शास्त्राचेही लक्ष तसे उशिराच गेले. दुकानदाराला तेवढा दोष कशाला द्यावा?

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाय युरोपीय वा अमेरिकी पायापेक्षा रुंद असतो, असे त्यातून दिसले. अरुंद जोड्यात चवडा मावत नाही म्हणून माणूस मोठा नंबर घेतो. मग जोडा लांबीला सैल पडतो म्हणून नाडी करकचून आवळतो. याच पाहणीच्या आधारे भारतीय पायांसाठी ‘भ’ नावाच्या स्वतंत्र मापपद्धतीचा प्रस्ताव २०२४ मध्ये पुढे आला. मापे ठरविण्याचे अंतिम काम भारतीय मानक ब्यूरोचे, आणि त्याचे मुख्यालय दिल्लीतच बहादूरशाह जफर मार्गावर आहे.

प्रस्ताव चांगला आहे. पण नंबराचे नाव बदलल्याने जोडा रुंद होत नाही. जोडा ज्या साच्यावर चढवितात तो कलबूत बदलावा लागतो, आणि तोही प्रत्येक मापाचा. राजधानी परिसरातील बहादुरगड हे बिगर-चामडी पादत्राणांचे मोठे केंद्र आहे. तेथील लहान कारखानदाराला कलबुतांचा सगळा संच एकदम टाकून देणे सोपे नाही. या खर्चाकडे यंत्रखरेदीइतक्याच गांभीर्याने पाहून बँकांनी त्यास कर्ज द्यावयास हवे. नोएडात १९८६ पासून पादत्राण रचना व विकास संस्था आहे. कारखानदाराला लागणारे तांत्रिक साहाय्य तेथून मिळू शकते. अंतर फार नाही, मेट्रोने जाता येते.

सर्वांत अधिक काळजी मुलांच्या पायांची. राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० भारतीय मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. जोडे घालणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. बंद जोडे वापरणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. सपाट पाऊल म्हणजे आजारच, असे नाही. तरीही सहा-सात तास बंद काळे बूट सक्तीचे करणाऱ्या शाळांनी, निदान लहान वर्गांसाठी, पट्ट्याच्या सँडलची मुभा देण्यात काय बिघडते?

याचा अर्थ सर्वांनी अनवाणी फिरावे, असा मुळीच नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतील ज्यांच्या तळव्यांची संवेदना गेली आहे, त्यांना जोडा चावला तरी कळत नाही आणि जूनमधील दिल्लीच्या देवळाची तापलेली फरशीही कळत नाही. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ही संवेदना काही मिनिटांत तपासता येते. रक्तातील साखरेचा अहवाल नेमाने दाखविणाऱ्या मधुमेहीने वर्षातून एकदा तरी मोजे काढून पायही दाखवावेत.

पूर्वी गावचा चर्मकार गिऱ्हाइकाला कागदावर उभे करून पावलाभोवती पेन्सिल फिरवीत असे. ते आजही घरी करता येते, आणि सायंकाळी केलेले बरे, कारण दिवसभराने पाय किंचित सुजतो. तो कागद कात्रीने कापून नेहमीच्या बुटाच्या तळाशी धरून पाहावा. पुष्कळांचा कागद करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावेल.