धावत्या हाताची वळणे

हैदराबादेत आबिड्सच्या पदपथावर रविवारी, दुकाने बंद असताना, जुन्या ग्रंथांचा जो बाजार मांडला जातो, त्यात एखादे मराठी पुस्तक हाती आले की मी प्रथम आतले कोरे पान पाहतो; कारण छापील मजकूर कोणत्याही प्रतीत मिळेल, परंतु फिक्या शाईत, किंचित कलत्या अक्षरांत लिहिलेली ‘सप्रेम भेट’ ही ओळ त्या एकाच प्रतीची असते. हीच जवळीक आता ‘कलम’सारख्या हस्ताक्षरी फाँटांतून लग्नपत्रिकांत, बालपुस्तकांत, उपाहारगृहांच्या पाट्यांवर आयती उतरते, आणि मला तिचे स्वागतच करावेसे वाटते. माझी तक्रार एवढीच की, त्यांपैकी पुष्कळ फाँटांत मराठी हात दिसत नाही.

हा हात आपल्याला परका नव्हे. बोरूने आधी ओळभर शिरोरेषा ओढून, मग शक्यतो हात न उचलता अक्षरे जोडीत जाणारी मोडी ही कारकुनांची धावती लिपी होती. सनदा, जमाखर्च, अर्ज यांचे रुमालच्या रुमाल तिने भरले, आणि वेगापायी इकार-उकारांतला ऱ्हस्वदीर्घ भेदही तिने सोडून दिला. श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम केरी यांचा मराठी कोश 1810 साली मोडीच्याच खिळ्यांत छापला गेला, म्हणजे धावत्या हस्ताक्षराचे ठसे पाडण्याचा उद्योग आपल्याकडे दोन शतकांचा आहे.

‘सियासत’सारखे उर्दू दैनिक ज्या आबिड्समधून निघते तेथे आणखी एक उदाहरण सहज आठवते. उर्दूचे नस्तालिक वळण यंत्रात बसत नाही असे म्हणून स्वस्थ न बसता, सुलेखनकार मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरसमूह स्वहस्ते लिहिले, आणि 1981 पासून ते वळण संगणकावर चालू लागले. एवढे कष्ट मराठी वळणासाठीही कोणी घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. माणसाच्या हातून एकच ‘म’ दोनदा तंतोतंत सारखा उमटत नाही. तेव्हा एकेका अक्षराची तीन-चार रूपे आलटूनपालटून आली पाहिजेत, आणि आजच्या फाँटांना हे साधते. शिवाय महाराष्ट्राच्या 2009 च्या शासननिर्णयाने मान्य केलेला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ त्यांत हवाच हवा, कारण दंडाचा ‘ल’ दिसताच आजीच्या पत्राचा भास मोडतो.

उपयोगालाही मर्यादा आहे. न्यायालयाची नोटीस, औषधाची मात्रा, रेल्वेचे वेळापत्रक यांना सरळ बाळबोध अक्षरच शोभते, कारण तेथे वाचणाऱ्याचा गोंधळ झाला तर नुकसान त्याचे होते. लग्नपत्रिकेतही ‘आग्रहाचे निमंत्रण’ ही एक ओळ हस्ताक्षरी असावी. तिथी, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता मात्र साध्या ठळक टाइपात, म्हणजे नांदेडहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्या वृद्ध मामांना तो चष्म्याविना वाचता येईल.