मण्यांवरचे श्वास

दहा-बारापुढे आकडे न येणाऱ्या सुइणीने खोकणाऱ्या तान्ह्याचे श्वास मोजावेत कसे? १९९०च्या सुमारास गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी युक्ती काढली. एका मिनिटाची वाळूची घडी आणि सरकते मणी! दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, की न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० श्वास ही धोक्याची रेघ.

इकडे नागपुरात माझ्या नातवाच्या पायात पहारा ठेवणारा विजेचा मोजा आहे. तो नुसता निसटला तरी कोकलतो. सूनबाई दचकून उठते, बाळाच्या पोटावर हात ठेवते. काल तिला म्हटले, "अगं, घड्याळ घे. पुरते मिनिटभर मोज." ४४ भरले. मग ती निजली. मी मात्र मोजतच बसलो.