गणवेश कुणी शिवला?

दिवाळीचे कपडे घेताना कापड चिमटीत धरून पोत पाहायचा, उलटं करून शिवण तपासायची, ही सोलापूरकरांची जुनी खोड. चादरीच्या गावाला ती शोभतेही. म्हणूनच यंदा एका शाळेच्या ‘करिअर दिना’ला पाहुणे म्हणून गेलो, तेव्हा सहावीच्या पोरांना सहज विचारलं, “तुमचा गणवेश कुणी शिवला?” उत्तर आलं, “दुकानातून आणला!” देशभरच्या शाळांचे गणवेश ज्या शहरात शिवले जातात, तिथलं हे उत्तर.

व्यासपीठावर एक डॉक्टर, एक इंजिनिअर, एक अधिकारी आणि आम्ही. ‘खूप अभ्यास करा’ असं चौघांनीही सांगितलं. टाळ्या झाल्या, हार झाले, मुलांच्या हाती काहीच आलं नाही. त्या फुकट गेलेल्या दुपारीत आमचाही वाटा आहे.

पूर्वी सोलापुरात असा दिवस वेगळा भरवावा लागत नसे. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, पाठोपाठ इतर गिरण्या आल्या. भोंगा झाला की पाळी बदलली हे अख्ख्या गावाला कळे. जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम, हे डबा पोचवणाऱ्या पोराला ठाऊक असे. पूर्व भागात तर माग घरातच खडखडे आणि पोरं कांड्या भरत. (त्यात त्यांची शाळाही बुडे, गोडवे गायचं कारण नाही.) गिरण्या बंद पडल्या, माग कारखान्यांच्या भिंतींआड गेले. आता मुलाला दिसतो तो सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणारा मोठा भाऊ.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काढायचे. दहा राहू देत, एक दिवस तरी नीट करू. आधी व्यासपीठ काढा, वर्गात टेबलं मांडा. एकावर जॅकार्डचा डिझायनर बसू दे. पंचकार्डात भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो, आणि एवढ्या हो-नाहीतून चादरीवर मोर उतरतो; संगणकाचा पहिला धडा याहून सोपा कुठे मिळणार? शेजारी गारमेंटचा कटिंग मास्टर, कापड कमीत कमी वाया घालवणारी त्याची भूमिती घेऊन. पलीकडे केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ, तेल्या रोगाने काळवंडलेलं फळ घेऊन.

आणि विडी वळणारी एक मावशी हवीच. हजार विड्यांना किती वेळ लागतो, हाती काय पडतं, तुमच्या लेकीने हे करावं का, असं मुलांनी तिला विचारावं. खरं तर हे प्रश्न डॉक्टरांनाही विचारावेत. पगार किती, पाठ दुखते का, कंटाळा कधी येतो?

वाकड्या वाटेने आलेलेही बोलवा. रणजितसिंह डिसले यांचं इंजिनिअरिंग सुटलं, वडिलांच्या सांगण्यावरून ते शिक्षक झाले आणि २०२० साली परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत असताना त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारा झेडपीचा गुरुजी, असा रकाना करिअरच्या कुठल्या तक्त्यात होता?

राहता राहिलो आम्ही. हा अंक हातात आहे, तर सुट्टीनंतर शाळांनी मुलांना आमच्या छापखान्यात आणावं. सोळा पानं एकाच कागदावर उलटीसुलटी छापून घडी घातल्यावर ओळीने कशी येतात, ते बाइंडिंगवाले मामा दाखवतील. फक्त दुपारी एक ते दोन येऊ नका. मामा जेवायला घरी जातात.