‘माझ्याकडे बघ’ म्हणणं थांबवा

शिक्षकांनो, डॉक्टरांनो, स्वमग्न मुलांच्या आजी-आजोबांनो, मामा-मावश्यांनो, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत एवढं करा. हनुवटी धरून मुलाचं तोंड आपल्याकडे वळवणं, ‘आधी माझ्याकडे बघ, मगच बिस्कीट’ म्हणणं आजपासून बंद करा.

माझा मुलगा स्वमग्न आहे. गोष्ट ऐकताना तो खिडकीच्या गजांकडे बघतो, शर्टाची कड बोटांनी चोळत राहतो. मी एखादं वाक्य गाळलं की लगेच हटकतो. त्याच वेळी कुणी डोळ्यांत बघायला लावलं, की त्याची मान ताठरते, श्वास भराभर सुरू होतो आणि गोष्टीतलं अक्षरही कानात शिरत नाही.

मोठी स्वमग्न माणसं हेच तर सांगत आली आहेत. समोरच्याचे डोळे सारखे हलतात, त्यातून इतकं काही एकदम अंगावर येतं की बघणं आणि ऐकणं यातलं एकच जमतं. कुणाला अवघडल्यासारखं होतं, कुणाला अक्षरशः भाजल्यासारखं. काही जण भुवयांच्या मध्ये बघून वेळ मारून नेतात आणि घरी येऊन गळून जातात. सहज नजर देणारी स्वमग्न माणसंही आहेत, तेव्हा सगळ्यांना एकच माप लावू नका. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वमग्न व्यक्तींना चेहरे दाखवून फक्त डोळ्यांवर नजर ठेवायला लावली. तेव्हा मेंदूच्या खोल भागातली, धोक्याची चाहूल घेणारी यंत्रणा प्रमाणाबाहेर जागी झालेली दिसली. अशा मुलाला ‘लक्षच देत नाही’ म्हणणं हा अन्याय आहे.

वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणाऱ्या मुलाला आपण संस्कारी म्हणतो. मग नजर न देणारा स्वमग्न मुलगाच उद्धट कसा? तोंडी परीक्षेत, मुलाखतीत, पोलीस चौकीत ‘नजर चुकवतोय’ एवढ्यावरून कुणाला खोटारडा ठरवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे शाळेने सोय करावी हेही त्यात आहे.

तान्हं बाळ नजर देत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर मात्र ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अनेक जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. तपासणी लवकर हवी, जबरदस्ती कधीच नको.

मुलाच्या समोर बसण्यापेक्षा शेजारी बसा. नावाने हाक मारा आणि उत्तराला वेळ द्या. ऐकलं की नाही, हे प्रश्न विचारून बघा. थेरपीच्या फाईलमध्ये ‘नजर देणे’ हे उद्दिष्ट लिहिलेलं असेल आणि मूल त्याने कासावीस होत असेल, तर ते काढायला लावा. आणि पालकांनो, शाळेच्या पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून हे सगळं एका कागदावर लिहून द्या.