विड्यातला पाहुणा

गेल्या रविवारी छत्तीसगडातल्या कुरुदला एका घरी सत्यनारायणाला गेलो होतो. आजोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा इथेच स्थिरावलेला, नात हिंदी शाळेत. चौरंगावर जोडपानं, त्यावर सुपारी आणि नाणं. गुरुजींनी 'तांबूल' म्हणत पळीभर पाणी सोडलं. नातीनं माझ्या कानाशी लागून विचारलं, "पानाला तांबूल का म्हणतात?"

"तोंड तांबडं करतं म्हणून," मी ठोकून दिलं.

जेवणानंतर यजमान म्हणाले, "चला, पानठेल्यावर जाऊ." पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांच्या कपाळाला आठी पडली. ठेला हा मराठी शब्द आहे का? इथं राहून तुमची मराठी भेसळीची झाली, वगैरे वगैरे. मंत्रातला तांबूल मात्र त्यांना अस्सल वाटला होता.

घरी येऊन पुस्तकं उघडली आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्यानमार आणि थायलंडमध्ये बोलल्या जाणाऱ्या मोन भाषेत विड्याच्या पानाला 'जब्लू' म्हणतात. ख्मेरमध्ये ते 'म्लू', व्हिएतनामीत आज 'त्राउ' आणि पूर्वी 'ब्लाउ'. झां प्शिलुस्की या अभ्यासकानं या शब्दांशेजारी आपला 'तांबूल' ठेवला. मूळ 'ब्लू' किंवा 'बूल'सारखं, पुढचा 'तां' हा उपसर्ग, असं त्यानं मांडलं. त्याचे लेख प्रबोधचंद्र बागची यांनी एका पुस्तकात इंग्रजीत आणले. 1929 साली कलकत्ता विद्यापीठानं छापलेल्या त्याच पुस्तकात मराठीच्या घडणीचा इतिहास लिहिणारा झ्यूल ब्लोकही आहे.

ही व्युत्पत्ती सर्वमान्य आहे असं नाही, पण मला ती पटते. नागवेल मूळची आग्नेय आशियाची. वेल ज्यांनी लावली, नावही त्यांचंच आलं असणार. 'पान' हा आपला रोजचा शब्द तर साध्या 'पर्ण'चा, म्हणजे कुठल्याही झाडाचं पान. तांबूल पुढे फारसी-अरबीतही गेला. आणि मोनची भावकी फार लांब नाही: मेळघाटातली कोरकू त्याच ऑस्ट्रोआशियाई कुळातली, छत्तीसगडच्या जशपूरकडची कोरवाही.

म्हणजे ज्या शब्दावर आपण गंगाजल शिंपडतो तोच बहुधा बाहेरून आलेला, आणि ज्याला नाक मुरडतो तो ठेला शेजारच्या हिंदीतला, नागपूरकरांच्याही रोजच्या तोंडातला! भाषेची सोवळ्या-ओवळ्याची यादी करणाऱ्यांनी आधी देवापुढचं तबक तपासावं.

नातीला आता खरं उत्तर द्यायचं आहे. त्यासाठी तिला ठेल्यापाशीच उभी करीन. पानवाला देठ खुडतो, शीर काढतो, चुन्याचं बोट फिरवतो, कात लावतो. पान हिरवं, चुना पांढरा, कात तपकिरी. लालभडक त्यात काहीच नसतं. रंग चढतो तो सगळं एकत्र चघळल्यावर.