गाण्याला कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

“बाई, घरी गाणं रेकॉर्ड करायला कोणता कॉम्प्युटर घ्यायचा?” हा प्रश्न हल्ली वर्गात हमखास येतो. घरी मात्र किंमत ऐकून आई-बाबा गप्प होतात. तेव्हा दुकानात जाण्याआधी थोडं गणित करू या.

आवाज म्हणजे हवेतली थरथर. माईक तिचं विजेत रूपांतर करतो आणि त्या विजेची मोजमापं कॉम्प्युटर साठवतो. सीडीच्या दर्जासाठी एका सेकंदात तब्बल ४४,१०० वेळा! एका आवाजाच्या एका मिनिटाला साधारण ५ मेगाबाइट जागा लागते. गायक, पेटी, तबला असे तीन आवाज, गाणं चार मिनिटांचं. ५ × ४ × ३ = ६० मेगाबाइट. २५६ गिगाबाइटच्या डिस्कवर अशी हजारभर गाणी सहज मावतील. मग त्याहून मोठ्या डिस्कला जादा पैसे कशाला?

मग बघायचं काय? रॅम ८ गिगाबाइट असली की सुरुवातीला पुरे. डिस्क एसएसडी असावी. तिच्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे घरघर नाही. पंख्याचा आवाज दुकानातच कान देऊन ऐका. वीज जात असेल तर लॅपटॉप बरा, बॅटरीमुळे गाणं अर्ध्यावर तुटत नाही. आणि गाताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा ऐकू आला, तर ताल चुकतो. तिथे महागड्या कॉम्प्युटरपेक्षा वेगळं ऑडिओ इंटरफेस जास्त उपयोगी पडतं.

आता आमच्या भिवंडीची गोष्ट. इथे गल्लोगल्ली यंत्रमाग. पंख्याची एकसुरी घरघर कॉम्प्युटर बरीच कमी करू शकतो. पण मागाची खटाखट गाण्यात मिसळली, की ती वेगळी काढणं फार अवघड. लाखाचा कॉम्प्युटर घेतला तरी खटाखट येणारच! म्हणून आधी आतली खोली निवडा, खिडकी लावा, भिंतीवर गोधड्या टांगा. गोधडीने घुमणारा आवाज शोषला जातो.

पालकहो, घरात जुना कॉम्प्युटर असेल तर ‘ऑडॅसिटी’ हा मोफत प्रोग्राम त्यावर चालतो का, ते आधी पाहा. चालला तर वाचलेल्या पैशांत बरा माईक येईल.

करून पाहा : एकच कडवं मोबाइलवर दोनदा रेकॉर्ड करा, एकदा रिकाम्या खोलीत, एकदा गोधड्या टांगून. फरक ऐका, आई-बाबांनाही ऐकवा. खरेदीचं मग ठरवा!