चालत्या घराचा जमाखर्च

कोल्हापुरात ‘पाण्याचा खजिना’ नावाचा एक भाग आहे. हे नाव ज्या कोणाच्या मुखातून प्रथम निघाले असेल त्याने, जाणून असो वा अजाणता, पाणी हे द्रव्य आहे एवढे सांगून न थांबता, खजिना म्हटला की त्यामागून खजिनदार, किल्ली आणि जमाखर्चाची वही ओघानेच येते, याचीही तजवीज करून ठेवली. पुढे घरोघर नळ आले, गच्च्यांवर काळ्या टाक्या चढल्या, आणि टाकी भरून वाहू लागली की शेजारच्याने ‘अहो, मोटर बंद करा!’ म्हणून ओरडावे, एवढाच काय तो आमचा पाण्याचा हिशेब उरला. त्या विसरलेल्या वहीची आठवण मला परवा झाली ती माझ्या भाच्याच्या मोटारघरामुळे.

हे मोटारघर म्हणजे एक जुनी मिनीबस. आतली आसने काढून तिच्यात दोन बिछाने, शेगडी, बेसिन, अंग चोरून उभे राहता येईल एवढे न्हाणीघर आणि पलंगाखाली शंभर लिटरची टाकी बसवून देण्याचे काम एका गॅरेजने अंगावर घेतले होते; त्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा वाहनांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते, परंतु ते बहुतेक सूर्योदय, वनश्री आणि स्वातंत्र्य यांविषयी असते. गळक्या नळीविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. राजर्षी शाहू महाराज ज्या ‘खडखड्या’तून रानोमाळ हिंडत, त्या घोडागाडीला निदान ही पीडा नव्हती. ती कितीही खडखडली तरी तिच्या पोटात पाण्याच्या नळ्या नव्हत्या.

श्रावणात आम्ही राधानगरीवरून दाजीपूरला गेलो. परतताना पलंगाखालच्या फळीला हात लावला तो ती ओली, आणि गाडीत भिजलेल्या प्लायवुडचा तो कुबट, आंबूस वास. “मामा, छत गळतंय,” भाच्याने निकाल दिला. बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळे त्या निकालावर अपील करण्याचे कोणालाच सुचले नाही. गॅरेजवाल्याने छताच्या सांध्यांवर सिलिकॉन फासले. आठ दिवसांनी कडकडीत उन्हात उभ्या असलेल्या गाडीत फळी पुन्हा ओली. मग त्याने जमीन उकलली, दिसेल त्या सांध्यावर लांबी थापली आणि जमीन पुन्हा ठोकून बसवली. फळी ओलीच राहिली. भर एवढीच पडली की खालच्या नळ्यांपर्यंत पोहोचण्याचा जो मार्ग होता तोही आता खिळ्यांनी बंद झाला होता.

येथे माझा मुद्दा येतो. गळती शोधणे हे मूलतः हिशेबनिसाचे काम आहे. पाना आणि पक्कड यांची पाळी त्यानंतरची. आपल्याकडे मात्र ओल दिसली की पहिला हात छिन्नीकडे जातो, मग ती ओल स्वयंपाकघरातील भिंतीवर असो, वाहनात असो वा हमरस्त्यावर असो. कोठे खणावे हे ठाऊक नसताना खणणे म्हणजे साक्षीपुरावा न घेता शिक्षा ठोठावण्यासारखे आहे.

उद्यमनगरातील जो मिस्त्री अखेर आमच्या मदतीस आला, त्याने पहिला अर्धा तास एकाही हत्याराला स्पर्श केला नाही. “काका, पाऊस थांबवायचं आपल्या हातात न्हाई, पंप थांबवायचं हाय. आधी पंपाचं बघू,” असे म्हणून त्याने टाकी भरून घेतली, सर्व नळ बंद केले, पंप सुरू केला आणि तो बिछान्यावर स्वस्थ बसून राहिला. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे जसे पाण्याची पातळी चढताच कोणाच्या हुकुमावाचून उघडतात, तद्वत् या वाहनांतील बारा व्होल्टचा लहानसा पंप नळ्यांतील दाब उतरताच आपण होऊन सुरू होतो आणि दाब भरताच थांबतो. एकही नळ उघडलेला नसताना तो अधूनमधून गुरगुरू लागला, तर पंपाच्या पुढे कोठे तरी पाणी निसटते आहे हे निश्चित समजावे. अपवाद एवढाच की पंपातील झडप झिजली असेल तर पाणी मागच्या मागे टाकीत परतते, पंप वाजतो, पण जमीन कोरडी राहते. उलट पंप गप्प आणि फळी मात्र ओली, अशी स्थिती असेल तर संशय टाकीवर, बेसिनखालच्या सांडपाण्याच्या नळीवर वा छतावर घ्यावा. पंप बंद ठेवून टाकीवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि सकाळी ती ताडून पाहावी, म्हणजे टाकीचाही जबाब घेतला जातो. टाकी आणि पंप यांच्यामधील नळीला चीर असेल तर आणखी एक मौज होते : तेथून पाणी बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते, आणि नळ खोकल्याची उबळ आल्यासारखा थुंकत थुंकत वाहतो.

आमचा पंप दर दहा-बारा मिनिटांनी गुरगुरत होता. तेव्हा छताची सबब तेथेच निकालात निघाली, आणि त्यावर फासलेल्या सिलिकॉनचे पैसे आमच्या खर्चाच्या बाजूस कायमचे पडले.

पुढची युक्ती मी आयुष्यात विसरणार नाही. मिस्त्रीने खिळे उपसून फळ्या काढल्या, सर्व नळ्या फडक्याने पुसून कोरड्या केल्या, प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा अंथरला आणि त्यावर कोरड्या रांगोळीचा पातळ थर भुरभुरला. नळीवरून पाणी घरंगळत हातभर दूर जाऊन टपकते, म्हणून ओल जेथे दिसते तेथे छिद्र असेलच असे नाही. परंतु ओल्या हाताला न कळणारा थेंब रांगोळीवर पडला की तेथे लहानसा खड्डा उमटतो. सकाळी सात ठिकाणची रांगोळी अभंग होती. आठव्या ठिकाणी, पंपातून निघणारी नळी जेथे काटकोनात वळत होती त्या सांध्याखाली, चांगली ओंजळभर लापशी झाली होती. सेकंदाला एक थेंब गळतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरले, तरी अहोरात्रात चार लिटरांवर पाणी जाते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीला त्याचा पत्ताही लागत नाही. शंभर लिटरांच्या संसारात ती मोठी लूट आहे, आणि ती लूट फळीखाली साठून लाकूड कुजवीत बसते.

कारणही तेथेच सापडले. घराच्या भिंतीत घालतात तशी ताठ प्लास्टिकची नळी डिंकासारख्या सोल्युशनने चिकटवून तिच्यावर हे सारे घर उभारले होते. भिंत हलत नाही, म्हणून तेथे हा सांधा वर्षानुवर्षे टिकतो. पण गगनबावड्याच्या वा फोंड्याच्या घाटात प्रत्येक खड्ड्यागणिक ज्याला हिसका बसणार, त्या वाहनात लवचिक नळीच हवी, ती ठरावीक अंतरावर पट्ट्यांनी बांधलेली हवी, आणि पंपाच्या दोन्ही बाजूंस थोडी सैल वळी ठेवलेली हवी, म्हणजे पंपाची थरथर सांध्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच जिरते. थंड देशांत हिवाळ्यात पाणी गोठून नळ्या फुटतात; त्या भीतीपोटी तेथील लोक थंडीपूर्वी सारी यंत्रणा रिकामी करतात. आमच्याकडे तो प्रश्नच नाही. आमचे वैरी रस्ते, ऊन आणि अतिउत्साही मनगट हे होत. प्लास्टिकच्या आट्यांवर पाना जोराने आवळला म्हणजे सांधा पक्का होतो, ही समजूत कोणत्या गुरूने पसरवली कोण जाणे. त्याने आटे चिरतात, आणि गळती आठ दिवस लांबते इतकेच. रबरी वायसर असलेला नट हाताने बसेल तितका बसवून वर पाव फेरा दिला की पुरे, असे मिस्त्रीचे मत पडले. शिवाय, पाणी तापवणाऱ्या टाकीच्या सुरक्षा-झडपेतून पाणी तापताना दोन-चार थेंब येणे हा झडपेचा धर्म आहे, ती गळती समजून झडपच बुजवून टाकू नये, असेही त्याने बजावले. हे त्याने तीनदा सांगितले.

आता शासनाने आणि गॅरेजवाल्यांनी काय करावे ते सांगतो. वाहन ताब्यात देण्यापूर्वी टाकी भरून, नळ बंद करून पंप रात्रभर सुरू ठेवावा. मग गाडी खराब रस्त्यावरून वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि तिचा लेखी दाखला मालकाच्या हाती द्यावा. कोणताही सांधा ठोकलेल्या फळीखाली गाडू नये. त्यावर उघडता येईल असे झाकण ठेवावे. ज्या धोरणाखाली अशी वाहने नोंदवून घ्यावयाची, त्यात या दोन कलमांना जागा करण्यास फारसा शाईचा खर्च येणार नाही.

आणि विषय निघालाच आहे तर आमच्या शहराविषयीही बोलतो. काळम्मावाडी धरणातून 53 किलोमीटरच्या थेट नळवाहिनीने आलेले पाणी 2023 च्या दिवाळीत कोल्हापुरात पोहोचले, तेव्हा झालेला आनंद रास्तच होता. परंतु वरच्या टोकाला किती पाणी आत गेले, पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात किती उतरले आणि पेठेपेठेत किती पोहोचले, हे तीन आकडे दररोज नागरिकांच्या डोळ्यांसमोर असावेत, हा नियम 53 किलोमीटरच्या नळीलाही तितकाच लागू आहे जितका आमच्या दीड मीटरच्या नळीला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असताना आम्ही टँकरपुढे घागरी घेऊन उभे राहिलो, त्या दिवसांत या शहरातील प्रत्येक गृहिणी तांब्याचाही हिशेब ठेवीत होती. नळ सुरू झाले आणि ती वही पुन्हा मिटली.

मिस्त्रीने निघताना सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब लिहून दिला : वायसर 1, क्लॅम्प 2, नळी दीड मीटर, मजुरी. रांगोळी त्यात नव्हती. ती माझ्या बहिणीच्या देवघराशेजारच्या फडताळातून भाच्याने न विचारता उचलली होती, आणि तो डबा कोठे गेला याची चौकशी अद्याप चालू आहे.